समुद्रावर छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर?

हवाईत एका बेटावरून दुसऱ्यावर एक-इंजिनी विमानाने जायचंय, वाटेत इंजिन बंद पडलं तर संपलंच का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. इंजिन गेलं तरी विमान हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल पुढे जातं, त्यामुळे पायलटला ते नीट पाण्यावर टेकवता येतं. खरी परीक्षा त्यानंतरची, आणि ती प्रवाशाचीही असते.

तिथलंच उदाहरण घ्या. ११ डिसेंबर २०१३ला मोलोकाई बेटावरच्या कलाउपापाहून होनोलुलूला निघालेल्या सेस्ना कॅरव्हॅनचं इंजिन उड्डाणानंतर लगेचच बंद पडलं. टर्बाइनची पाती तुटली होती. विमानात नऊ जण, आणि नऊच्या नऊ बाहेर पडले! एका प्रवाशाच्या गोप्रो या छोट्या कॅमेऱ्यात हे सगळं चित्रित झालंय, जायच्या आधी जरूर बघा. आठ वाचले, त्यातला एक तर पोहत किनाऱ्याला लागला. राज्याच्या आरोग्य संचालक लोरेटा फडी मात्र पाण्यात असतानाच गेल्या. शवविच्छेदनात कारण निघालं, अतिजलद श्वासोच्छ्वासामुळे हृदयाची लय बिघडली. सगळ्यात अवघड भाग पार पडल्यावर हे व्हावं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तरंगायला लागलात की पहिलं काम म्हणजे श्वास सावकाश सोडणं. पाणी कोमट असतं, लाइफ जॅकेट अंगात असेल तर मदत येईपर्यंत तग धरता येतो.

पण जॅकेट विमानात फुगवायचं नाही, काही झालं तरी नाही. १९९६ साली कोमोरोसजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं बोइंग ७६७ विमान समुद्रात कोसळलं, तेव्हा अनेकांनी ते आतच फुगवलं. पाणी भरलं तसे ते छताला टेकले, दारापर्यंत बुडी मारताच येईना.

बसल्या बसल्या दार किती सीट लांब आहे ते मोजा, कडी कुठल्या बाजूला फिरते ते विचारून घ्या. पाण्याला टेकताना एकापेक्षा जास्त धक्के बसतात, पहिल्याच धक्क्याला पट्टा सोडू नका. विमान थांबलं की एका हाताने दाराकडची सीट किंवा चौकट घट्ट धरा आणि मगच दुसऱ्या हाताने पट्टा काढा. विमान उलटलं तर वर-खाली कळत नाही, तेव्हा तो धरलेला हातच दार दाखवतो.

बुकिंग करताना एवढंच विचारा: जॅकेट सीटखाली असतं की कमरेला बांधायला देतात? कमरेला देत असतील तिथेच तिकीट काढा.