वाचक विचारतात: डोळ्यांची गाडी दारात आली, पुढे काय?

ठाणे आणि नवी मुंबईच्या वस्त्यांमधून फिरणाऱ्या नेत्रतपासणी गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं हे काम रोज करणाऱ्यांनी दिली आहेत.

आमच्या बचत गटाने दिघ्यात एका संस्थेची गाडी बोलवायचं ठरवलंय. फलक लावून दोनशे माणसं जमवणार आहोत. तयारी काय करावी? (बचत गटाच्या ताई, दिघा)

ताई, आधी तो दोनशेचा आकडा खाली आणा. चष्म्याचा नंबर नीट काढायला माणशी दहा-बारा मिनिटं जातात. म्हणजे एक ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर काढणारा तज्ज्ञ) तासाला पाच-सहा जण तपासतो. दोघं असले आणि पाच तास काम चाललं तरी पन्नास-साठ. दोनशे जण रांगेत उभे राहिले की यंत्रातून निघालेला आकडा पडताळणी न होता तसाच चिठ्ठीवर उतरतो, आणि महिन्याभराने ते चष्मे घराघरांतल्या खुंटीवर लटकलेले दिसतात.

म्हणून दोन दिवस आधी तुम्हीच चाळणी लावा. 6 मीटरची दोरी मोजून घ्या, इंग्रजी ‘ई’चे पाय वेगवेगळ्या दिशांना असलेला तक्ता संस्थेकडून मागवा. तो वाचायला अक्षरओळख लागत नाही, पाय कुठे वळलेत ते हाताने दाखवलं की झालं. तक्ता सावलीत, पण चांगल्या उजेडात लावा. त्याच्यामागे ऊन किंवा खिडकी नको. एका वेळी एकच डोळा, दुसऱ्यावर तळहाताचा खोलगट भाग. बोटांनी झाकलं की फटीतून सगळेच बघतात, आणि डोळा दाबला तर पुढची दोन मिनिटं तोही धूसर दिसतो. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. कुठल्याही एका डोळ्याने 6/12 ची ओळ (चांगल्या नजरेला 12 मीटरवरून दिसणारी ओळ 6 मीटरवरून) येत नसेल, त्याचं नाव गाडीच्या यादीत.

आता काळ्या जाड पुठ्ठ्याला सुईने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून तोच तक्ता वाचायला लावा. भोकातून जास्त दिसलं तर प्रश्न बहुधा नंबरचा. काहीच फरक पडला नाही तर मोतीबिंदू, दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) बिघाड किंवा आणखी काही असू शकतं. अशांना सकाळच्या पहिल्या तासात बोलवा, त्यांना वेळ लागतो.

चाळिशीवाल्यांचं टेबल वेगळं मांडा. लांबचं दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय, फक्त तांदूळ निवडताना किंवा सुईत दोरा ओवताना अडतंय, अशांना +1 ते +2.50 मधला तयार चष्मा पाच मिनिटांत देता येतो. मात्र तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो आणि तिरका नंबर (एका ठरावीक दिशेने लागणारा, म्हणजे सिलिंडरचा नंबर) नसतो. दोन डोळ्यांत फरक असलेल्याला तो देऊ नका. आणि चाळिशी मिळाली म्हणजे डोळे तपासून झाले असंही नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा स्वतःला मधुमेह असेल तर तिथून थेट गाडीत पाठवा.

जागा सपाट हवी. एक माणूस पायरी चढला की गाडी हलते आणि यंत्रात बघणाऱ्याचा डोळा निसटतो, म्हणून चालकाला चाकांजवळचे जॅक टेकवायला आठवणीने सांगा. अर्थिंग असलेला 15 अँपिअरचा पॉइंट जवळ असेल तर जनरेटरची घरघर वाचते. पहिली पायरी बऱ्याचदा गुडघ्याएवढी उंच असते, आजींसाठी घट्ट बसणारा लाकडी पाट ठेवा. वेळेचं म्हणाल तर सकाळी दहा ते दुपारी तीन म्हणजे कामावर जाणारा कुणीच भेटणार नाही. नाक्यावरचे मजूर, रबाळे-महापेच्या कारखान्यांत जाणारे, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी.

गाडीत काढलेल्या नंबरचा चष्मा मुलाने लावला की डोकं दुखतं. नंबर चुकला का? (पालक, कोपरखैरणे)

चुकला असण्याची बरीच शक्यता आहे, पण कुठे चुकला ते शोधावं लागेल. मुलांच्या डोळ्यात फोकस बदलण्याची ताकद फार असते. यंत्रातलं चित्र लांबचं असल्यासारखं दाखवतात, तरी मुलाचा डोळा जवळचं बघायला ताणतो आणि मायनस नंबर खोटाच वाढतो. त्यामुळे लहान मुलांचा नंबर औषधाचे थेंब घालून, तो ताण सैल करून काढायचा असतो. गाडीत ही सोय नसेल तर चिठ्ठीवर ‘थेंब घालून पुन्हा तपासा’ एवढंच लिहायला हवं, चष्मा नाही.

दुसरी शक्यता चष्मा बनवताना झालेल्या चुकीची. जवळच्या चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटर असतो. त्यावर काचेचा नंबर मोजून घ्या आणि चिठ्ठीशी ताडा. तिरक्या नंबरचा अक्ष, म्हणजे त्याची दिशा, 90 ऐवजी 180 लागलेला बऱ्याचदा तिथेच सापडतो. घरी बघायचं तर काच हातात धरून खिडकीच्या गजाकडे बघत हळूहळू फिरवा. गज काचेत मोडल्यासारखा तिरका झाला तर त्या काचेत तिरका नंबर आहे. चिठ्ठीत नसताना काचेत आला असेल तर चष्मा परत करा. काचांचे मध्य बाहुल्यांसमोर आले नाहीत तरी डोकं दुखतं. +1 ला दोन-तीन मिलिमीटर खपून जातात, -5 ला नाही. दहा साच्यांच्या फ्रेम सगळ्या वस्तीला वाटल्या की हीच गडबड होते.

(मोठ्यांसाठी जाता जाता: साखर फार वाढलेली असताना नंबर काढू नका. साखरेबरोबर नंबरही हलतो. काही आठवडे साखर आटोक्यात राहू द्या, मग चष्मा करा.)

गाडीने आमच्या संघातल्या चौदा जणांना मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया झाली फक्त पाच जणांची. काही म्हणतात अजून पिकलेला नाही, काही म्हणतात गाडीतच का करत नाहीत? (ज्येष्ठ नागरिक संघ, कळवा)

पिकण्याची वाट बघणं ही जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट. आता रोजच्या कामात अडायला लागलं की करतात. फार पिकू दिला तर मोती फुगून डोळ्याचा दाब चढतो, डोळा लाल होतो, असह्य दुखतो, आणि मग शस्त्रक्रिया करूनही नजर परत येईलच असं नाही.

गाडीत न करणं हेच बरोबर आहे. डोळ्याच्या आत जंतू गेले तर डोळाच जातो, त्यामुळे निर्जंतुक शस्त्रक्रियागृह लागतंच. तिथे आधी रक्तदाब आणि साखर बघतात, डोळ्याची लांबी मोजून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तुम्हाला तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.

उरलेले नऊ जण भीतीपेक्षा साध्या कारणांनी अडले असतील. सोबत यायला कुणी नाही, मुलाचा खाडा होतो, त्या दिवशी साखर वाढलेली निघाली आणि परत पाठवलं. पुढची तारीख कुणी सांगितलीच नाही, कारण नोंदवलेला फोन नातवाचा आणि नातू पुण्याला. वहीत रुग्णाच्या नावापुढे तीन रकाने आखा: कोणत्या तारखेला जाणार, सोबत कोण, शेजाऱ्याचा फोन. साखर आणि रक्तदाब आठवडाभर आधी तपासून घ्या, म्हणजे फेरी फुकट जात नाही. एका रिक्षात दोन रुग्ण आणि एक सोबती असे पाठवले तर एकाच घरावर खाडा पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि साधारण महिन्या-दीड महिन्याने दाखवायचं असतं. मधल्या काळात दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर उतरली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गाडीत डोळ्याचा फोटो काढला, पण ‘फोटो स्पष्ट नाही, रुग्णालयात जा’ असं लिहून दिलं. मला तर नीट दिसतं. जायलाच हवं का? (वाचक, तुर्भे)

हो. ‘स्पष्ट नाही’ याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा धरू नका. बाहुली लहान असली, भिंगात धूसरपणा आला असला, नाहीतर गाडीच्या पडद्याच्या फटीतून उजेड येत असला तरी फोटो काळपट येतो. मधुमेहात आणि वयाबरोबर बाहुली नीट उघडत नाही, त्यामुळे ज्यांना तपासणीची जास्त गरज त्यांचेच फोटो बिघडतात. रुग्णालयात बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आतला पडदा कडेपर्यंत बघतील. मधुमेहाने पडद्यावर होणारा बिघाड बराच पुढे जाईपर्यंत नजरेला जाणवत नाही, म्हणून नीट दिसत असतानाच दरवर्षी एकदा बघायचं.

थेंब घातल्यावर रिक्षा चालवता येईल का? (रिक्षाचालक, वागळे इस्टेट)

नाही. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. रात्रपाळी असेल तर सकाळी लवकर तपासून घ्या, गाडीवाल्यांना ‘मी रिक्षा चालवतो’ हे थेंब घालायच्या आधी सांगा आणि घरी दुसऱ्याच्या रिक्षाने जा. त्या रात्री डोळा जोरात दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली आणि उलटी झाली, तर डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. सकाळ होऊ देऊ नका.