टायर कधी बदलायचा?

प्रश्न : टायरची नक्षी अजून दिसते. गॅरेजवाला म्हणतो, आणखी पाच-सहा हजार किलोमीटर आरामात जातील. पण जूनपासून आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरावा लागतो. थांबू का? (चिपळूण)

नक्षी दिसते म्हणजे पुरेशी आहे असं नाही. ती मोजा. टायरच्या बाजूवर, खांद्याजवळ, छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' (TWI, म्हणजे नक्षीची झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं असतात. तिथून सरळ वर गेलात की मुख्य खाचेत रबराचा आडवा उंचवटा दिसेल. त्याची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की कायद्यानं टायर संपला. कारचा नवा टायर साधारण ७-८ मिलिमीटरचा असतो.

खोली मोजायची पट्टी स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळते. टोक त्या उंचवट्यावर न ठेवता खाचेच्या तळाशी टेकवा. आत, मध्ये, बाहेर असं मोजा, चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा, आणि सगळ्यात कमी आलेला आकडा खरा धरा.

घाट आणि कोकणातला पाऊस असेल तर आमचा आग्रह ३ मिलिमीटरचा आहे. चाकाखालचं पाणी खाचांतूनच बाहेर पडतं. खाचा उथळ झाल्या की वेगात पाणी टायर आणि डांबर यांच्या मध्ये शिरतं, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते. तुमचा आकडा ३ च्या खाली असेल तर ते पाच-सहा हजार किलोमीटर विसरा आणि मे महिन्यातच टायर बदला.

प्रश्न : पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा गोटा झाल्या आहेत, मध्ये मात्र नक्षी शाबूत आहे. टायर खराब निघाले का? (नाशिक)

बहुधा नाही, दोष चाकांच्या कोनात आहे. दोन्ही आतल्या कडा जातात तेव्हा चाकं पुढच्या बाजूला किंचित बाहेर फाकलेली असतात, किंवा वरून आत कललेली. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर चाकं फाकलेली आहेत हे नक्की. खड्ड्यात आपटल्यानं हे होतं. चाक स्टेअरिंगला आणि गाडीला जोडणारे भाग, म्हणजे टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, ढिले झाल्यानंही होतं. ढिला भाग आधी बदला, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नंतर. उलटा क्रम ठेवलात तर अलाइनमेंट टिकणार नाही आणि नवे टायरही तसेच जातील. कडेला धागे दिसत असतील तर ती गाडी आज बाहेर काढू नका.

एकाच टायरच्या आतली-बाहेरची अशा दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मधला पट्टा झिजला तर जास्त. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, टायर थंड असताना तोच भरायचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग तपासा.

प्रश्न : सात वर्षांत गाडी जेमतेम १८ हजार किलोमीटर चालली. दुकानदार टायर बदला म्हणतो. (पुणे)

वय टायरवरच लिहिलेलं असतं. 'डीओटी' (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे पाहा : ३४१८ म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा. हे आकडे कधी कधी आतल्या बाजूलाच असतात. उभ्या गाडीचंही रबर कडक होत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर वापरू नये. खाचांच्या तळाशी किंवा बाजूवर भेगा दिसत असतील तर दुकानदार बरोबर सांगतोय. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, तो टायर दुरुस्त होत नाही. स्टेपनीचंही वय बघा.

प्रश्न : सध्या दोनच टायर घेणं जमेल. पुढे लावू की मागे? (मडगाव)

मागे, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असली तरीही. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि अॅक्सिलरेटर सोडून ती बहुतेकदा सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. मागचे जुने टायर पुढे घ्या, पण त्यांचीही नक्षी मोजूनच.