खोल आकाशाच्या छायाचित्रणासाठी रंगीत कॅमेरा घ्यावा की मोनोक्रोम?

पुण्यासारख्या शहरातील गच्चीवरून तेजोमेघ टिपण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, असे आपण विचारले आहे. पहिलाच कॅमेरा असेल, तर माझ्या मते रंगीतच घ्यावा.

रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलांपैकी एकावर लाल, एकावर निळा आणि दोनांवर हिरवा फिल्टर कायमचा बसवलेला असतो. त्यामुळे रोझेट तेजोमेघ ज्याने उजळतो, तो हायड्रोजन-अल्फाचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश मुख्यतः एक चतुर्थांश पिक्सेलांवरच नोंदला जातो. मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर असे फिल्टर नसल्याने तो प्रकाश प्रत्येक पिक्सेल टिपतो, आणि ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावला की शहरातील दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. गुणवत्तेत मोनोक्रोम सरस आहे, यात शंका नाही.

मात्र त्यात प्रत्येक रंग वेगळ्या फिल्टरमधून स्वतंत्रपणे टिपावा लागतो. त्यामुळे त्यासोबत फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती), महागडे फिल्टर आणि प्रत्येकासाठी वेगळ्या फ्लॅट फ्रेम्स (धुळीचे डाग व कडांचा काळोख काढण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेली चित्रे) हे सारे येते. शिवाय लाल व हिरव्याच्या नोंदी झाल्यावर निळ्याच्या आधी ढग आले, तर त्या रात्री चित्र अपुरेच राहते. रंगीत कॅमेऱ्याला हायड्रोजन-अल्फा आणि ओ-थ्री (आयनित ऑक्सिजनचा निळसर-हिरवा प्रकाश) एकत्र जाऊ देणारा ड्युअल-बँड फिल्टर लावल्यास गच्चीवरूनही रोझेट समाधानकारक येतो. दीर्घिकांसाठी मात्र तो काढावा, कारण त्यांच्यातील ताऱ्यांचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो आणि हा फिल्टर त्यातला बहुतेक अडवतो. दीर्घिकांसाठी अंधाऱ्या जागी जाणेच बरे.

वाचलेले पैसे माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) आणि गायडिंगवर (त्याच्या फिरण्यातील चूक सतत सुधारणारी व्यवस्था) घालावेत. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारे लांबट येत असतील, तर आधी तेच दुरुस्त करावे लागते.