रटल्सचा पहिला अल्बम: एलपी घ्यावी की सीडी, की बीटल्सची नक्कल म्हणून सोडून द्यावा?

एलपी की सीडी ते सांगतो, पण आधी तुमच्या प्रश्नाच्या शेपटाबद्दल. ‘नक्कलच आहे, मग पैसे का घालवा?’ हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ते साफ चूक आहे.

रटल्स म्हणजे बीटल्सच्या विडंबनासाठी रचलेला काल्पनिक बँड; साठच्या दशकात असा बँड नव्हताच, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यांच्यावरचा 1978चा टीव्हीपट विनोदी नट एरिक आयडलचा, गाणी मात्र सगळीच्या सगळी गायक-संगीतकार नील इनिसची. लोक आयडलचं नाव घेऊन मोकळे होतात, याचा मला राग येतो. अल्बमवर आयडलचा आवाजसुद्धा नाही. पडद्यावर डर्क मॅक्विकली या रटल बनून तो ओठ हलवतो, गायलाय मात्र ऑली हॉल्सल हा दुसराच गायक.

आमचा दादा कट्टर बीटल्सवाला. एका रविवारी काही न सांगता मी त्याला हा अल्बम लावून दिला. ‘लेट्स बी नॅचरल’ लागलं तसा तो पेपर बाजूला ठेवून स्पीकरकडे सरकला. म्हणाला, "जॉन लेनन आहे. हे कधीचं रेकॉर्डिंग? माझ्याकडे कसं नाही?" पुन्हा लावायला लावलं. मग मी खरं काय ते सांगितलं, आणि क्षणात तेच गाणं भिकार झालं. "चाल उचलायची, शब्द बदलायचे, यात डोकं कशाला लागतं?"

अरे, पण चाल उचललेलीच नाही! इनिस म्हणायचा की त्यानं बीटल्सच्या रेकॉर्डी समोर ठेवून काही केलं नाही, आठवणीतून रचलं. त्यानं घेतलंय ते वळण: दुसरा आवाज पहिल्याला कुठे येऊन मिळतो, ओळ संपताना कॉर्ड अनपेक्षित कुठे उतरते, ड्रम कुठे थांबतात. ‘विथ अ गर्ल लाइक यू’मध्ये दोन आवाज एकमेकांना चिकटून चालतात ते ऐका. ‘चीज अँड ओनियन्स’ इनिसनं 1977मध्ये अमेरिकन टीव्हीवर एकट्यानं गायलं होतं. ते रेकॉर्डिंग पुढे बीटल्सच्या एका चोरट्या रेकॉर्डवर लेननचं म्हणून खपलं. शब्द बदलून एवढं साधत नसतं.

दादाचा हुकमी एक्का ठरलेला: "मग अर्धे पैसे का द्यावे लागले?" दिले, खरंय. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या एटीव्ही म्युझिकनं दावा लावला, इनिसनं संगीताचा तज्ज्ञही उभा केला, पण शेवटी कोर्टाबाहेर तडजोड होऊन निम्मी रॉयल्टी गेली. मात्र हे पैसे मागणारे बीटल्स नव्हते. 1969मध्ये त्यांच्या गाण्यांची प्रकाशन कंपनीच एटीव्हीच्या ताब्यात गेली होती, खुद्द लेनन-मॅकार्टनीच्या विरोधाला न जुमानता. उलट बीटल्समधलाच जॉर्ज हॅरिसन रटल्सच्या टीव्हीपटात वार्ताहर बनून उभा राहिलाय. आणि ‘गेट अप अँड गो’ मूळ गाण्याच्या फारच जवळ जातंय, सांभाळ, असं इनिसला सांगणारा लेननच. म्हणून ते गाणं मूळ एलपीवर नाही. ज्यांची नक्कल झाली त्यांतले हॅरिसन-लेनन तर हसत होते, आणि माझा भाऊ ठाण्यात बसून त्यांच्या वतीनं चिडतो.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. मी हौशी नाटकांना चाली देतो. एका एकांकिकेत साठच्या दशकातला रेडिओ चालू होतो, त्यासाठी मी त्या काळच्या भावगीतासारखं एक गाणं नव्यानं बांधलं. प्रयोग संपल्यावर दादा चारचौघांत म्हणाला, "हे तर बाबूजींचं उचललंय." मी विचारलं, कुठलं गाणं? मुखडा म्हणून दाखव. त्याला एकही सांगता आलं नाही, पण शब्द मागे घेतला नाही तो नाहीच. जुन्या वळणाची चाल म्हणजे उसनी चाल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. अत्र्यांची विडंबनं तोंडपाठ असलेला माणूस हा! लेखणीनं केलं की प्रतिभा आणि पेटीवर केलं की चोरी, हा कुठला न्याय?

तर तुमचं. एलपीवर चौदा गाणी आहेत, आणि तिचा क्रम साधारण बीटल्सच्या प्रवासासारखा, सुरुवातीच्या धांगडधिंग्यापासून पुढच्या स्वप्नाळू गाण्यांपर्यंत. 1990च्या सीडीवर वीस आहेत, ‘गेट अप अँड गो’ धरून. मी सीडी घेईन. सुरुवात ‘डबलबॅक अ‍ॅली’पासून करा आणि टीव्हीपट नंतर बघा, नाहीतर गाण्यांकडे विनोद म्हणूनच पाहाल.

एक मात्र कबूल करायला हवं, सगळीच गाणी सारखी स्वतंत्र नाहीत. ‘आउच!’ आणि ‘लव्ह लाइफ’ मूळ गाण्यांच्या इतकी जवळ आहेत की तिथे दादाला थोडं बोलू द्यावं लागतं. आणि बीटल्स तुम्ही फारसे ऐकलेच नसतील तर आधी ते ऐका, निम्मी गंमत त्यावाचून कळणार नाही. पण घरात कुणी ‘नक्कल’ म्हणालं, तर ‘लेट्स बी नॅचरल’ लावा आणि मूळ चाल कुठली ते गाऊन दाखवायला सांगा. आमच्याकडे अजून कुणी गायलेली नाही.