शेतात वापरायला ६.८ इंची कर्व्ह स्क्रीनचा फोन घ्यावा का? (जळगाव)

शेतासाठी सपाट स्क्रीनचाच घ्या. कर्व्ह फोन हातात सडपातळ लागतो, व्हिडिओ झकास दिसतो, मोठ्या स्क्रीनवर सातबाराही नीट वाचता येतो. पण वळलेल्या कडेवर ऊन चमकतं आणि एका हाताने धरला की तळवा टेकून नको तिथे टच होतो. जाड कव्हरने हा नको असलेला टच कमी होतो. खरी डोकेदुखी काचेची. स्क्रीनवर लावायची साधी टेम्पर्ड काच वळणावर चिकटत नाही, फटीतून धूळ शिरते. यूव्ही ग्लूची (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या गोंदाची) काच बसवताना आधी स्पीकरची जाळी आणि बटणांच्या फटी टेपने बंद करायला सांगा, नाहीतर ग्लू आत उतरून आवाज बसतो. फोनची मूळ काच फुटली तर ती बहुधा डिस्प्लेसकट बदलावी लागते. मे महिन्यात ४४-४५ अंशांत ब्राइटनेस आपोआप उतरतो, तो मात्र सपाट फोनचाही उतरतो.