समनर नक्की कोणाच्या बाजूचे?

प्रश्न : एम.ए.च्या अभ्यासक्रमात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर 'लोकरीती'पुरतेच (समाजाच्या रूढ वागण्याच्या पद्धती) भेटले. एका पुस्तकात मात्र त्यांना 'श्रीमंतांचा वकील' म्हटले आहे. ते खरे आहे का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मला ते अन्यायाचे वाटते. इतकी वर्षे समनर शिकवल्यावर त्यांचा राग येतो तो वेगळ्या कारणासाठी.

समनर (१८४०–१९१०) यांचे वडील लँकेशायरहून अमेरिकेत आलेले कारागीर. मुलगा येल विद्यापीठात शिकला, काही काळ पाद्री होता, १८७२पासून येलमध्येच प्राध्यापक. १८८३च्या एका व्याख्यानात त्यांनी एक हिशेब मांडला. 'क्ष'चे हाल पाहून 'अ' कळवळतो, 'ब'शी बोलतो, दोघे मिळून कायदा सुचवतात आणि खर्च पडतो 'क'वर. त्याला कोणी विचारतही नाही. निमूट राबणारा, कर भरणारा, कोणापुढे हात न पसरणारा हा 'विसरलेला माणूस'. मला त्याच्यात समनरांचे वडील दिसतात.

पण 'क'चा खिसा फक्त गरिबांसाठी कापला जातो, असे ते कुठे म्हणतात? देशी कारखानदारांना सांभाळण्यासाठी परदेशी मालावर लावलेल्या संरक्षक जकातीवर ते आयुष्यभर तुटून पडले. कारखानदाराचा नफा गिऱ्हाईक महाग माल घेऊन भरतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. धनिकांच्या वकिलाने हे केले नसते.

माझे भांडण दुसरीकडे आहे. गटारात पडलेला दारुडा जिथे असायला हवा तिथेच आहे, असे त्यांनी त्याच वर्षीच्या पुस्तकात लिहिले. उपाशी घरात जन्मलेल्या पोराचा काय दोष? 'क'च्या हिशेबात त्या पोराला जागा नाही, आणि हे मी वर्गात कधीच सौम्य करून सांगितले नाही.

तरीही १८९९चे त्यांचे भाषण जरूर वाचा. स्पेनला हरवून अमेरिकेने फिलिपिन्स घेतले होते, देश विजयाच्या धुंदीत होता. समनरांनी विषय घेतला : 'स्पेनने जिंकलेली अमेरिका'. लढाई आपण मारली, पण साम्राज्याची हाव स्पेनकडून घेतली, तेव्हा विचारांत स्पेनच जिंकला, असा त्यांचा मुद्दा. दुसऱ्यांना सुधारण्याच्या गोष्टी प्रत्येक राष्ट्र आपल्याइतक्याच थाटात करते, हेही त्यांनी तिथेच सुनावले. तुमच्या अभ्यासक्रमातली 'स्वसमूहकेंद्रितता', म्हणजे आपलाच समूह श्रेष्ठ मानून इतरांना त्याच मापाने मोजणे, त्यांनी १९०६च्या 'फोकवेज' (लोकरीती) या पुस्तकात मांडली. तिची मुळे मला या भाषणात दिसतात. म्हणून आधी भाषण वाचा, मग पुस्तक.