उसातल्या थर्मल नकाशाला भोकं का पडतात आणि एनडीव्हीआय निम्मा फिका का येतो

तुम्ही विचारलंय ते असं: संकेश्वरकडच्या उसावर डीजेआयच्या मॅव्हिक ३टी ड्रोननं थर्मल (तापमानाचे फोटो) आणि मॅव्हिक ३एम नं मल्टिस्पेक्ट्रल (वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांतले फोटो) उडवलं, थर्मल नकाशाला मधोमध भोकं, उरलेल्यात गरम-गार पट्टे, आणि एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा नकाशा) पूर्वेकडं निम्मा फिका, हेच ना? मग सेटिंग बदलून परत परत रन करत बसू नका. फोटो जुळणं हे एक दुखणं आणि फोटोतले आकडे खरे असणं हे दुसरं, दोन्ही एकत्र धरली की कुठलंच सुटत नाही.

आधी भोकं. ३टी चा थर्मल सेन्सर ६४० बाय ५१२ चा, १०० मीटरवरनं एक फोटो अंदाजे ८४ बाय ६७ मीटर जमीन धरतो, पिक्सेल १३ सेंमीच्या आसपास. साध्या वाइड कॅमेऱ्याचा फोटो त्याच उंचीवर ह्याच्या दीडपटीहून रुंद असतो. तुम्ही ८०/७० ओव्हरलॅप (फोटो एकमेकांवर पुढं ८० टक्के, बाजूला ७० टक्के चढणं) ठेवला म्हणताय, तो जर साध्या कॅमेऱ्याच्या हिशेबानं लागला असेल तर थर्मलला बाजूचा ओव्हरलॅप सत्तरवरनं पन्नास टक्क्यांच्या आसपास आला बघा. त्यात उभा ऊस, सगळीकडं जवळजवळ एकच तापमान, वर शेंडे वाऱ्यानं हलतायत, सॉफ्टवेअरनं जुळवायचं तरी काय? बांध, विहीर, मोटारीची खोली जिथं आहे तिथं नकाशा शाबूत असेल आणि भोकं ऐन उसात, तपासून बघा.

म्हणून उसात थर्मल फोटो एकटे अलाइन करायचेच (एकमेकांशी जुळवायचेच) नाहीत. त्याच क्षणी निघालेले साधे फोटो तुमच्याकडं आहेत की, मेटाशेपमध्ये (फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर) दोन्ही मिळून मल्टी-कॅमेरा सिस्टिम म्हणून घ्या, साधा कॅमेरा मास्टर, थर्मल त्याच्या मागनं आपोआप जागेवर बसतंय.

आता पट्टे. फाइलच्या नावाशेवटी टी असलेल्या थर्मल जेपीजी तशाच टाकल्या असतील तर तुम्ही तापमान नाही, रंग जोडलेत. कॅमेरा प्रत्येक फोटो त्यातल्या त्यात जास्त गरम आणि जास्त गार काय ते बघून रंगवतो, त्यामुळं तोच बांध एका फोटोत पिवळा तर दुसऱ्यात जांभळा. डीजेआय थर्मल एसडीके (डीजेआयचं थर्मल फोटोंतनं तापमान काढायचं साधन) वापरून आधी तापमानाच्या फ्लोट टिफ (प्रत्येक पिक्सेलला तापमानाचा आकडा असलेल्या फाइल) करा, जीपीएस त्यात येत नसेल तर एक्झिफटूल ह्या प्रोग्रॅमनं मूळ फोटोतनं कॉपी करा (हे राहिलं की पुढं सगळं अडतंय), आणि ऑर्थो (जोडलेला सपाट नकाशा) करताना कलर करेक्शन बंद. तरी फिके पट्टे राहिले तर तो सेन्सरचा ड्रिफ्ट (आकडा हळूहळू सरकणं), उडवायच्या आधी कॅमेरा १०-१५ मिनिटं चालू ठेवला की बराच कमी होतो. तसाही ह्या कॅमेऱ्याचा आकडा ±२ अंश इकडंतिकडं असतो, त्यामुळं कुठल्या सरीला पाणी पोचलं नाही हे त्यात दिसतं, पण शेतकऱ्याला नेमकं तापमान म्हणून सांगू नका.

पुढच्या वेळी कोपऱ्यांवर आणि मध्ये एखाद्या मोकळ्या पाटाकडंला प्लायवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ताणून ठेवा. फॉइल स्वतःची उष्णता फार कमी सोडते, गार आकाशच परावर्तित करते, त्यामुळं थर्मलमध्ये ती काळीकुट्ट गार चौकट दिसते आणि साध्या फोटोत पण चकाकते. ग्राउंड पॉइंटला (नकाशा जागेवर बसवायला जमिनीवर ठेवायची खूण) ह्याहून स्वस्त काही नाही.

एनडीव्हीआयचं मात्र स्पष्ट सांगतो, पूर्वेकडचा तो फिका भाग ढगाच्या सावलीचा दिसतोय, तो वाचणार नाही. ३एम च्या डोक्यावरचा सेन्सर ड्रोनवर पडणारा उजेड मोजतो, ढगाची सावली खाली उसावर आणि ड्रोन उन्हात असला की दुरुस्ती उलटीच होते. परत उडवा, आणि घड्याळातले बारा धरू नका, आपण ७४.५ रेखांशावर, इथं सूर्य माथ्यावर साडेबाराच्या आसपास येतो, म्हणून साडेअकरा ते दीड. फक्त मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या आगंमागं ऐन साडेबारा टाळा, तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि प्रत्येक फोटोच्या मध्यात झगझगीत डाग पडतो. कॅलिब्रेशन पॅनेल (किती उजेड परत फेकते ते ठाऊक असलेली पाटी) असेल तर त्याचा फोटो उडवायच्या आधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा, स्वतःची सावली त्यावर न पाडता.

थर्मल आजच्याच फोटोंवर निघेल, तेवढं आधी करून बघा, आणि दोन्ही नकाशे एकावर एक ठेवताना प्रोजेक्शन (नकाशाची मापन-पद्धत) दोन्हीला यूटीएम ४३ उत्तर घ्या. अडलं तर एक मूळ थर्मल जेपीजी आणि अलाइनमेंटचा रिपोर्ट टाका, बघतो.